दोन टोचण्या

“मामा, बघता का?”

वनितानं त्या सकाळी हे चौथ्यांदा विचारलं, तेव्हा घड्याळात आठसुद्धा वाजले नव्हते. बाकड्यांवरची सगळी माणसं माझ्याकडं वळली. मी काही लगेच उठलो नाही. हातातल्या रक्ताच्या नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवली, नळी स्टँडमध्ये नीट उभी केली, चष्मा पुसला आणि मग उठलो. तेवढ्यात तिच्यासमोर बसलेल्या मालगावच्या आजीबाईंनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून घेतलं.

“ह्या पोरीला कुणी बसवलंय गं हितं? माझ्या हाताची चाळण केली की!”

“सॉरी आजी,” वनिता म्हणाली. “मामा काढतील आता.”

“मग आधीच मामांकडं धाडायचं. तुझा सराव माझ्या हातावर कशाला?”

बाकड्यावर कुणीतरी हसलं. मी आजीबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, “चला आजी, आतल्या खोलीत जरा निवांत बसू. मगदूम आहे ना, घाबरायचं नाही.” अर्ध्या तासानं त्यांचं रक्त मी एका टोचणीत काढलं. जाताना त्या दारापर्यंत सांगत गेल्या की देवाचा हात आहे बाबा, कळलंसुद्धा नाही.

तर तो देवाचा हात म्हणजे मी, आप्पासाहेब मगदूम. मिरजेला डॉक्टर किल्लेदारांच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं लोकांची रक्तं काढली. सगळे मामा म्हणायचे. आता घरी बसून पेपर वाचतो, नातवंडांवर खेकसतो. ही गोष्ट नव्व्याण्णव सालच्या जानेवारीतली आहे आणि ती मी आजवर एकदाच सांगितली. ज्यांना सांगितली त्यांनी ती ऐकून काय केलं, ते शेवटी सांगतो.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. जत, अथणी, पार विजापूरपासून माणसं पहाटेच्या गाडीनं उपाशीपोटी येतात. आमच्याकडं रक्त काढायची दोन टेबलं होती, एक माझं आणि एक ज्युनिअरचं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या आधी माझ्या हातात यायच्या. कोण कुठल्या टेबलावर बसणार ते मी ठरवायचो. आणि किल्लेदारांचा एक नियम होता, दोन टोचण्यांचा. एका माणसाला एकानं दोनदाच सुई घालायची. दोन्ही वेळेला शीर मिळाली नाही, तर सुई खाली ठेवायची आणि दुसऱ्याला हाक मारायची. तीही मोठ्यानं, समोरच्याला ऐकू जाईल अशी, म्हणजे त्याला कळतं की आपल्या हातावर कुणी हट्ट करत नाही. नियम चांगलाच होता हो. पण ती हाक मारताना मारणाऱ्याचं तोंड किती कडू होतं, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ती कधी मारलीच नव्हती.

मीही जवळजवळ नाहीच. उलट मोठ्या दवाखान्यांच्या वॉर्डांतून मला निरोप यायचे. नर्सा थकल्या, डॉक्टर थकले, आता मगदूमला बोलवा. मी सायकलवर टांग मारून जायचो, शीर शोधायचो आणि कुणाशी न बोलता परत यायचो. बोलायची गरजच नसायची. आयुष्यात माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. शिक्षण मॅट्रिक, घर भाड्याचं, दिसायला हा असा. पण मिरजेत मगदूमच्या हातासारखा हात नाही, हे मिरजेला माहीत होतं आणि मला त्याहून जास्त माहीत होतं.

वनिता ऐनापुरे आमच्याकडं आली ती आधीच्या पावसाळ्यात. बेडगची पोरगी, बावीस-तेवीसची. बारावी आणि वर सहा महिन्यांचा कोर्स. बाप वारलेला, घरी आई आणि धाकटी बहीण. शीर शोधायची तिची पद्धत बघून मला पहिल्या दिवशी हसू आलं. दंडाला रबरी पट्टा बांधला की ती डोळे मिटायची आणि बोट कोपरापासून खाली हळूहळू फिरवायची.

“झोपलीस का गं?” मी विचारलं.

“नाही मामा. शीर डोळ्यांना फसवते. बोटाला नाही फसवत.”

“हो का? बरं झालं सांगितलंस. मी उगाच बावीस वर्षं डोळे फोडून घेतले.”

ती मनापासून हसली. टोमणा तिला कळलाच नाही.

आणखी एक खोड होती तिला. समोर बसलेल्याला आधी विचारायची, कुठल्या गाडीनं आलात, पाणी प्यायलात का? आमच्याकडच्या माणसांचं काय आहे, उपाशी या म्हटलं की ती एकादशी धरल्यासारखी येतात, घोटभर पाणीसुद्धा घेत नाहीत. वनिता माठातलं पाणी आणून द्यायची, दोन गोष्टी बोलायची आणि मग पट्टा बांधायची. मला वाटायचं, पोरगी वेळ फुकट घालवते.

सप्टेंबरात माझ्यासमोर कवठ्याचे एक रिटायर मास्तर बसले. वाळलेला हात, कातडीखाली काही म्हणून लागेना. एक टोचणी गेली, दुसरी गेली. मास्तर कण्हले. मी सुई खाली ठेवली. हाक मारण्यासारखं दुसरं कोण होतं?

“वनिता,” मी म्हणालो, “बघतेस का?”

ती आली. पाणी आणून मास्तरांना पाजलं, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला, डोळे मिटले, बोट फिरवलं आणि एका टोचणीत रक्त काढलं. मास्तर म्हणाले, “वा! हिला आधी का नाही बसवलं?” किल्लेदार दारात उभे होते. ते हसत म्हणाले, “मगदूम, बघून ठेवा जरा. शिकण्यासारखं आहे.”

बाकडी हसली. डॉक्टरांनी ते सहज म्हटलं असेल, जेवताना विसरलेही असतील. मी विसरलो नाही. त्या दिवशी माझ्या हातून एक नळी फुटली, एका बाईच्या नावाची चिठ्ठी दुसरीच्या नळीला लागली. घरी आलो तर जेवण जाईना. बल्बखाली धरून स्वतःचाच हात उलटासुलटा करून बघत बसलो, जसा काही तो कुणी बदलून ठेवलाय.

मालननं, माझ्या बायकोनं विचारलं, “काय झालं? हाताला लागलं का?”

“नवीन पोरगी आलीये. माझ्यापेक्षा भारी आहे म्हणतात.”

“मग चांगलंच की!” मालन पोळी लाटत हसली. “उद्या मला टोचायची पाळी आली तर तिलाच बोलवा. तुम्ही फार दाबता.”

मी ताट सारलं आणि उठलो. मालनला वाटलं, मी दमलोय.

डिसेंबरात थंडी पडली आणि वनिताचा हात जायला लागला. आधी दिवसातून एकदा तिची हाक यायची, मग दोनदा, मग पाच-सहादा. तिच्याकडच्या माणसांच्या शिरा मिळेनाशा झाल्या आणि माझ्याकडं आल्या की मिळायच्या. लोक काय आंधळे असतात का? जानेवारी लागेपर्यंत माणसं दारातूनच सांगायला लागली, “त्या पोरीकडं नको, मामांकडं द्या.” तिला ऐकू जायचं. ती मान खाली घालून कापसाचे बोळे करत बसायची. एवढे बोळे की दोन दिवस पुरावेत.

सुरुवातीला ती गप्पा मारायची, ते बंद झालं. डबा माझ्याबरोबर खायची, तोही बंद झाला. एक दिवस बघितलं तर पट्टा बांधायच्या आधी ती आपली बोटं ओठांना लावून काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं, “मंत्र का काय?” तिनं पटकन हात खाली घेतला आणि कानापर्यंत लाल झाली.

तर ती सुरुवातीची सकाळ, सोमवारची. आजीबाईंना आत घेऊन गेलो, बाहेर आलो, तोवर वनिताची अजून दोन माणसं माझ्याकडं आली होती. नऊच्या सुमाराला एक पहिलवान आला. कुठल्याशा तालमीतला, कावीळ झाली म्हणून डॉक्टरांनी पाठवलेला. बाही वर केली तर काय दंड, आणि काय शिरा! अंधारात सुई फेकली तरी लागावी अशा. माझ्यासमोर गर्दी होती म्हणून ती चिठ्ठी मी तिच्याकडं सरकवली. वनितानं पट्टा बांधला. डोळे मिटले नाहीत. मी माझ्या टेबलावरून बघत होतो. तिची सुई कातडीवर टेकायच्या आधीच थरथरत होती.

पहिली चुकली.

“अहो ताई,” पहिलवान हसायला लागला, “एवढा दोरखंड दिसतोय, तरी हुकला?”

दुसरी गेली ती शिरेच्या आरपार. बघता बघता तिथं निळं टेंगूळ आलं. पहिलवान ओरडला नाही, पण त्याच्याबरोबर आलेली दोन पोरं ओरडली, “ए, काय मारती का काय!” आणि खोली हसायला लागली. मघाशी हसली त्याहून वाईट.

वनितानं तोंड उघडलं. हाक मारायची होती तिला, पण आवाज बाहेर येईना. डॉक्टर किल्लेदार आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनी पहिलवानाचा हात बघितला, मग वनिताकडं बघितलं.

“ही शीर तुला मिळाली नाही?”

वनितानं सुई ट्रेमध्ये ठेवली.

“अगं, ही तर रस्त्यावरच्या माणसाला मिळेल. तुला समोरची भिंत तरी दिसते का?”

“सर, माझं चुकलं.”

“मला नाही, त्यांना सांग. हात जोड.”

तिनं पहिलवानासमोर हात जोडले. तो बिचारा अवघडला. “असू द्या हो डॉक्टर, होतंय,” म्हणायला लागला. किल्लेदारांचं अजून संपलं नव्हतं.

“उद्यापासून काउंटरवर बस. नावं लिहिता येतात ना? का तिथंही दोनदा चुकून मामांना बोलवणार?”

पुन्हा हशा. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, मी सगळ्यांच्या आधी हसलो. पहिलवानाचं रक्त मी काढलं, बोलत बोलत, न बघता.

गर्दी सरल्यावर आतल्या खोलीत गेलो, तर ती तिथं स्टुलावर बसली होती. दोन्ही तळहात मांडीवर उताणे. दिवा लावलेला नव्हता.

“मामा, खरं सांगाल?”

“विचार.”

“माझ्या हाताला काय झालंय? बेडगच्या दवाखान्यात होते तेव्हा तान्ह्या बाळांचं काढायचे. इथं आले तेव्हाही जमत होतं. मग शिरा मिळेनाशा झाल्या. ते एक वेळ ठीक आहे, माणसं म्हातारी होती, आजारी होती. पण आज? त्याची तर डोळ्यांसमोर होती मामा. दिसत होती मला. आणि सुई घालायच्या आधीच मनात आलं, ही पण चुकणार. आणि चुकली.”

तिनं पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

“गुरुवारी सांगलीला बोलावलंय. मोठा दवाखाना आहे, कायमची जागा. त्यांच्यासमोर दहा पेशंटचं रक्त काढून दाखवायचं. मिळाली असती तर पेढे घेऊनच तुम्हाला सांगणार होते. आईला सांगून बसलेय. बहिणीचं कॉलेज त्याच्यावर ठरवलंय आम्ही.” तिनं माझ्याकडं बघितलं. “जाऊ का मामा? तुम्ही म्हणाल तसं करते. यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?”

मी कागद वाचला. गुरुवार. म्हणजे ती आपल्या पायांनीच जाणार होती हो! मी गप्प बसलो असतो, नुसतं “जा पोरी” म्हणालो असतो, तरी आठवड्यात तिचं टेबल रिकामं होणार होतं आणि मिरजेत पुन्हा मी एकटा. एवढं सगळं करायची गरजच नव्हती. मला ते लख्ख कळलं. आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर आलं, की सांगलीला दहा माणसांच्या रांगेपुढं ही पोरगी डोळे मिटून बोट फिरवतीये, आणि कुणीतरी दारात उभं राहून म्हणतंय, बघून ठेवा जरा, शिकण्यासारखं आहे.

“वाईट वाटून घेऊ नकोस वनिता,” मी म्हणालो. “काहींच्या हातात असतं, काहींच्या नसतं. सुरुवातीला तुझं नशिबानं चाललं. ते संपलं.”

“म्हणजे माझ्या हातात नाहीच?”

“नाही. दहा माणसांसमोर शोभा करून घेण्यापेक्षा काउंटर बरं. ते तुला जमेल.”

ती रडेल असं मला वाटलं. रडली असती तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं. ती उठली, कागद घडीवर घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “बरं झालं मामा, तुम्ही सांगितलंत. बाकी कुणी असं तोंडावर खरं सांगत नाही.” आणि वाकून माझ्या पाया पडली.

गुरुवारी ती काउंटरवर होती. अक्षर छान होतं तिचं.

सात वर्षं ती तिथं बसली. थोरले किल्लेदार थकले, त्यांचा मुलगा लॅब बघायला लागला. त्यानं दारावर मोठी पाटी लावली, ‘उपाशी या, पण पाणी पिऊन या’. पाटी वाचतंय कोण? वनिताच माठ आपल्या काउंटरशेजारी घेऊन बसली. येईल त्याला विचारायची, कुठल्या गाडीनं आलात, पाणी प्यायलात का? थंडीत म्हाताऱ्यांना दाराबाहेर उन्हात बसवायची, हात चोळायला सांगायची, आणि मग माझ्याकडं पाठवायची. त्या सात वर्षांत माझा हात जवळजवळ चुकला नाही. धाकटे डॉक्टर मला पाहुण्यांना दाखवायचे. मीही समजत होतो, आपलं वय वाढतंय तसा हात पिकतोय.

एकदा तिच्या टेबलावरची नवीन मुलगी रजेवर होती तेव्हा धाकट्या डॉक्टरांनी वनिताला विचारलं, आज बसशील का? ती एवढी घाबरली की हातातला पेन खाली पडला. “सर, वाटलं तर फरशी पुसते, पण ते नको,” म्हणाली. परत कुणी विचारलं नाही. लग्नाचंही तिचं काही जमलं नाही. बघायला आलेल्यांनी काय येतं विचारलं, तर ही म्हणायची, काही विशेष नाही. तिच्या आईनंच एकदा मला हे सांगितलं. काळजीनं, बिचारीनं.

आणि मग मालनला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी आधी रक्त तपासायचं आणि मग औषध द्यायचं. त्या औषधानं शिरा जळतात. चौथ्या वेळेला तिला लॅबमध्ये आणलं तेव्हा हाताला नुसतं हाड आणि कातडं उरलं होतं. दुसऱ्या टेबलावरची मुलगी त्या दिवशी आलेली नव्हती. बाकडी भरलेली. मी मालनला माझ्या खुर्चीत बसवलं आणि पट्टा बांधला.

पहिली टोचणी. काही नाही.

“हळू हो,” मालन म्हणाली.

दुसरी. सुई आत घालून मी थोडी इकडं फिरवली, थोडी तिकडं. मालनच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती ओरडली नाही. मी सुई काढली.

“अहो,” मालन म्हणाली, “त्या वनिताला बोलवा ना. तुम्हीच म्हणाला होता एकदा, ती तुमच्यापेक्षा भारी आहे.”

काउंटर तिथून वीस पावलांवर. मी तोंड उघडलं आणि बावीस माणसांसमोर हाक मारली.

“वनिता, बघतेस का?”

ती आली. मालनसमोर खाली बसली, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “मामी, थंडी वाजतीये का?” म्हणाली आणि चोळायला लागली. मग सवयीनं डोळे मिटले. सात वर्षांनी. बोट कोपरावरून निघालं, मनगटापर्यंत आलं, वळलं, अंगठ्याच्या मुळाशी गेलं आणि तिथं थांबलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला कळलं, शीर मिळाली. मी भरभर नवीन सुई काढून तिच्या हातात दिली.

सुई हातात आली आणि तिचे डोळे उघडले. सगळा हात खांद्यापासून हलायला लागला.

“इथं आहे मामा. अगदी इथं. तुम्ही टोचा.”

“तूच टोच. तुला मिळालीये.”

“नाही, मला नाही जमत.” तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली. “मामींना दुखेल.”

तिनं बोट ठेवलं होतं तिथं मी सुई घातली. ती तिसरी. माझ्या बोटाला तिथं काहीच लागत नव्हतं. मालन किंचाळली.

मग मात्र मला धरवेना. समोर बाकडी आहेत, बायको आहे, कशाचं भान राहिलं नाही.

“वनिता, ऐक. तुझा हात कधी गेलाच नव्हता. तो मी घालवला.”

“मामा, काय बोलताय?”

“त्या डिसेंबरात मी तुला सांगितलं होतं, पेशंटना पाणी द्यायचं नाही, रिपोर्ट बिघडतो, डॉक्टरांचा नियम आहे. आठवतं?”

“हो. तेव्हा नियमच होता तसा.”

“नियम नव्हता! मी केला होता. तुझी माणसं कोरडी राहावीत म्हणून. चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या. म्हातारी, सुजलेली, डायलिसिसची, सगळी निवडून तुझ्याकडं टाकायचो. रात्रीपासून पाणी नाही, त्यात थंडी, कुठून मिळतील शिरा? आणि तुझ्याकडून सुटलेल्याला आत नेऊन दोन तांबे पाणी पाजायचो, हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवायचो आणि अर्ध्या तासानं काढायचो. तो झाला माझा देवाचा हात. तुझ्या हातात काही नाही, हे मी तुला खोटं सांगितलं. माझ्या पोटात दुखत होतं म्हणून सांगितलं.”

वनिता माझ्याकडं वळली. ती आता माझ्या थोबाडीत मारेल, असं मला वाटलं. खरं तर ती चपराक मला हवीच होती. ती उठली आणि माझ्या दंडाला धरून मला स्टुलावर बसवलं.

“असं नका बोलू मामा. मामी आजारी आहेत, तुमचं मन थाऱ्यावर नाही. मला बरं वाटावं म्हणून कशाला स्वतःवर घेताय?”

“अगं, देवाशप्पथ खरं सांगतोय!”

“बरं, खरं.” लहान पोराला म्हणतात तशी ती म्हणाली. “मग तो पहिलवान? त्याला काय पाण्याची गरज होती? त्याची तर समोर दिसत होती. ती कुणी चुकवली?”

एवढ्या सगळ्यांतला तो एकटा मी निवडून टाकलेला नव्हता. तो तिचाच होता, आणि तिनं त्यालाच धरून ठेवलं होतं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवून काउंटरवर परत गेली.

मालननं बाही खाली ओढली. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं न बघता ती हळूहळू उठली.

“दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ,” ती म्हणाली. “तुमच्या दोनच्या वर झाल्या.”

मी तिला आधार द्यायला हात पुढं केला. तिनं भिंत धरली. दारापाशी पोचलो तेव्हा काउंटरसमोर एक म्हातारी उभी होती आणि वनिता तिला पाण्याचा पेला देत होती.

“पोरी, तूच काढ की माझं रक्त,” म्हातारी म्हणत होती. “किती गोड बोलतीस.”

“नाही हो आजी,” वनिता हसून म्हणाली. “माझ्या हातात नाही ते. मामा येतील आता परत, त्यांच्या हातात आहे.”